गाडीत दुसरी बॅटरी टाकली तरी दुपारी फ्रिज बंद पडतोय, बॅटरी बदलू का अल्टरनेटर?

गोठ्यावरचा_डॉक्टर

मंडळी नमस्कार. जनावरांचा डॉक्टर आहे, करवीर आणि पन्हाळा तालुक्यात फिरती असते. गाडी बीएस६ डिझेल, सात सीटर. नाव मुद्दाम सांगत नाही कारण इथं गाडीचं नाव घेतलं की पहिल्या चार रिप्लायमध्ये हीच का घेतली आणि ती का नाही घेतली यावर भांडणं लागतात आणि माझा प्रश्न राहतो बाजूला.

तर मागची सीट दुमडून तिथं ३० लिटरचा कॉम्प्रेसरवाला गाडीचा फ्रिज ठेवलाय. त्यात लसी असतात, लाळ्या-खुरकूत, घटसर्प वगैरे, त्या २ ते ८ डिग्रीतच ठेवाव्या लागतात, तापल्या तरी वाया आणि गोठल्या तरी वाया. फ्रिज पुढच्या बॅटरीवर चालवला आणि कुठंतरी वाडीवर सेल्फच घेतला नाही तर काय करायचं म्हणून मागं वेगळी ७५ अँपिअर-अवरची सीलबंद एजीएम (लेड अ‍ॅसिडचाच प्रकार) बॅटरी टाकून घेतली. पुढच्या आणि मागच्या बॅटरीच्या मधे व्होल्टेज बघून जोडणारा-तोडणारा रिले आहे, व्हीएसआर म्हणतात तो, बॉनेटखाली बसवलाय. तिथनं मागंपर्यंत वायर ६ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर), साधारण ५ मीटर.

सुरुवातीला झकास चाललं. आता उन्हाळा लागल्यापासनं दुपारी दोन-अडीचला फ्रिज टूं टूं करायला लागतो आणि लो व्होल्टेजचा एरर देऊन बंद. गाडी चालू केली की परत चालू होतो, पुढच्या गोठ्यावर थांबलो की परत तेच. माझं फिरणं म्हणजे पाच-सात किलोमीटर जायचं, अर्धा-पाऊण तास थांबायचं, परत पाच-सात किलोमीटर. लांबची रनिंग नसतेच.

बॅटरीवाला म्हणतोय बॅटरी गेली, नवीन घ्या. ज्यानं वायरिंग केलं तो म्हणतोय अल्टरनेटर कमी पडतोय, मोठा टाकूया. मेहुणा म्हणतोय दोन्ही सोडा, लिथियम टाका. तिघांचं ऐकलं तर गाडीपेक्षा बॅटरीचाच खर्च जास्त होईल. आधी काय बघू?

उद्यमनगरी_स्पॅनर

डॉक्टर, काय बी इकत घ्यायच्या आधी मीटर लावा. साधा डिजिटल मल्टीमीटर चालतंय, पण करंट बघायला टाँग टेस्टर लागंल आणि तो डीसी दाखवणारा पायजे बरं का. घरगुती वायरमनकडं आसतोय तो बहुतेक नुस्ता एसीचा आसतोय, बॅटरीच्या वायरीला लावला की झिरो दाखवतोय आणि मग गडी म्हणतोय चार्जिंगच न्हाई.

आता काय काय बघायचं सांगतो. सकाळी उठल्या उठल्या, गाडी चालू न करता, फ्रिज बंद ठेवून, दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज घ्या. मीटरची पिन थेट बॅटरीच्या खांबावर, थिंबलवर (वायरीच्या टोकाच्या कडीवर) न्हाई, ह्याचं कारण मागनं कळंल. दोन्हीकडं पॉइंटपर्यंत येकसारखंच आलं तर तुमचा रिले चिकटलाय, रातभर दोन्ही जोडूनच ऱ्हायल्यात. येगळं आलं तर रिले सुटतोय, त्याचा इषय संपला.

मग गाडी चालू करा, फ्रिज चालू करा, रिलेची लाइट लागली की परत दोन्हीकडचं व्होल्टेज घ्या. आणि ते तिथंच सोडू नका, गाडी थोडी फिरवून, पंधरा-वीस मिनिटांनी परत घ्या. बीएस६ गाडी हाय म्हणताय म्हणून सांगतोय.

आणि शेवटचं, हे कोण करत न्हाई. इंजिन चालू, फ्रिज चालू आसताना मीटरची येक पिन पुढच्या बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी मागच्या बॅटरीच्या मायनसवर. मधे वायर पुरंना तर लांब वायर जोडा. जे येईल ते हितं टाका. कुणीबी अल्टरनेटर बदलू नका तवर.

रंकाळा_ते_दाजीपूर

मेहुणा बरोबर बोलतोय डॉक्टर. लेड अ‍ॅसिडचा जमाना गेला. मी कॅम्पिंगला लिथियम फेरो फॉस्फेट वापरतो, १०० अँपिअर-अवरची, वजन निम्म्याच्याही खाली, आणि ८०-९० टक्के काढली तरी काही होत नाही. एजीएम निम्मी काढली की तिचं आयुष्य कमी व्हायला लागतं. दाजीपूरला दोन रात्री फ्रिज, लाइटी, फॅन, सगळं चालतंय, विषय हार्ड.

उद्यमनगरी_स्पॅनर

@रंकाळा_ते_दाजीपूर तुजी बॅटरी चांगली हाय भावा, पण ती कशानं चार्ज करतोस ते बी सांग की. तुज्याकडं डीसी-डीसी चार्जर हाय, गाडीचं व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी बॅटरीला पायजे तेवढंच देणारा. डॉक्टरांच्यात नुस्ता रिले हाय. त्या रिलेवर लिथियम जोडली तर ती आल्टरनेटरकडनं इतका करंट खेचंल की आयडलिंगला आल्टरनेटर तापून कॉइल जळंल, कारण लिथियमचा आतला रेझिस्टन्स लईच कमी. आणि दुसरं, लिथियम भरल्यावर नुस्ती बसून बी १३.३ च्या आसपास दाखवती. दोन्ही बाजूनं व्होल्टेज बघणारा रिले आसंल तर त्याला वाटतंय इंजिन चालूच हाय, मग तो सुटतच न्हाई. सकाळी दोन्ही बॅटऱ्या उतरलेल्या. हे झालेलं बघितलंय मी.

रंकाळा_ते_दाजीपूर

हां ते डीसी-डीसीचं बरोबर, लिहायचं राहिलं. रिलेवर नका लावू.

गडहिंग्लज_१२चाकी

हेडिंग वाचून आलो, आमच्यात पण दोन बॅटऱ्या असतात पण ती गोष्ट वेगळी. ट्रकला २४ व्होल्ट लागतंय म्हणून दोन १२ च्या सिरीजमध्ये. आमच्या ड्रायव्हर लोकांची सवय म्हणजे टेप, मोबाईल चार्जर, फॅन, सगळं १२ व्होल्टचं सामान एकाच बॅटरीवरनं काढायचं. मग काय होतंय, ती एक रोज थोडी थोडी उतरतीया, पण चार्जिंग दोघीला मिळून २८ व्होल्ट येतंय, मग एक उपाशी आणि दुसरी जास्त भरून पाणी उकळून टाकतीया. वर्षाच्या आत एक गेली की मालकाला फोन, अण्णा बॅटरी कंपनी खराब. कंपनी नाही खराब, तुझा टेप खराब. २४ चं १२ करणारा कन्व्हर्टर लावला तेव्हापासनं बंद झाली कटकट. डॉक्टरांना उपयोग नाही ह्याचा, पण कुणी ट्रकवाला वाचत असला तर असू दे.

गोठ्यावरचा_डॉक्टर

सगळ्यांचे आभार. डीसीवाला टाँग टेस्टर शेजारच्या सोलर बसवणाऱ्या पोराकडनं आणला. रीडिंग असं आलं:

सकाळी गाडी बंद असताना पुढची १२.६, मागची १२.१. म्हणजे रिले सुटतोय असं धरू.

गाडी चालू केल्यावर पुढची १४.३, मागची १३.२. टाँग टेस्टर मागच्या वायरीवर २२ अँपिअर दाखवत होता, फ्रिज चालू होता.

दोन्ही मायनसच्या मधे ०.६ व्होल्ट. मला वाटलेलं शून्य यायला पाहिजे.

वीसेक मिनिटं चालवल्यावर मात्र गंमत झाली. पुढची १२.७ वर आली आणि रिलेची लाइट गेली, इंजिन चालू असताना! मला वाटलं अल्टरनेटर गेला. हेडलाइट लावली तर परत १३.५ च्या पुढं गेलं आणि रिले लागला. बंद केली की थोड्या वेळानं परत खाली. हे काय भूत आहे?

आयटीआय_वाल्या_मॅडम

डॉक्टरसाहेब, इतकी नीट रीडिंग घेऊन येणारा माणूस इथं क्वचित भेटतो. तुमच्याकडे एक नाही, तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी चालू आहेत आणि प्रत्येकानं त्यातली एकेक पकडून तुम्हाला सल्ला दिलाय, म्हणून तिघेही वेगळं बोलले.

पहिली गोष्ट, वायरिंगमधला ड्रॉप. पुढे १४.३ आणि मागे १३.२, म्हणजे १.१ व्होल्ट वाटेत जिरतोय. आता ६ स्क्वेअर तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ३ मिलिओहम धरा, ५ मीटरचे १५ झाले, त्याला २२ अँपिअरनं गुणलं की ०.३३ व्होल्ट. म्हणजे वायर बारीक आहे हे खरं, पण ती एकटी १.१ खात नाही. ०.६ तर तुमच्या मायनसच्या बाजूला जातोय, मीटरनं सरळ दाखवलंय. उरलेला थोडा रिले, फ्यूज होल्डर आणि थिंबलमध्ये. तेव्हा चोर मायनसच्या बाजूला आहे. मागच्या बॅटरीचा अर्थ, म्हणजे मायनसची वायर, बॉडीला कुठं जोडलाय ते बघा, माझी पैज, रंगावर जोडलेला असणार.

एजीएम बॅटरीला भरायला १४.४ च्या आसपास लागतात. १३.२ वर ती चार्ज होते असं आपल्याला वाटतं पण ती कधीच पूर्ण भरत नाही.

दुसरी गोष्ट ते भूत. भूत नाही, तो स्मार्ट अल्टरनेटर आहे. डिझेल वाचवायला आणि धूर कमी करायला गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, अल्टरनेटरचं व्होल्टेज स्वतः वर-खाली करतो. पुढची बॅटरी भरली असं त्याला वाटलं की तो व्होल्टेज पाडतो, इंजिनवरचा भार कमी होतो. ब्रेक मारला किंवा उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की फुकटची ताकद असते म्हणून वर नेतो. तुम्ही पन्हाळ्याला चढताना मीटर बघा आणि वाघबीळकडे उतरताना बघा, फरक दिसेल. काही गाड्यांत हेडलाइट लावली की तो व्होल्टेज वरच ठेवतो, तुमची त्यातली दिसते. आणि तुमचा रिले बिचारा जुन्या पद्धतीचा, १३.३ च्या पुढे गेलं की जोड, १२.८ च्या खाली आलं की तोड, एवढंच त्याला कळतं. अल्टरनेटर एकदम ठणठणीत आहे, तो मोठा घातलात तरी हेच होणार कारण हुकूम ईसीयूचा चालतो.

तिसरी गोष्ट तुमचं फिरणं, त्यावर सवडीनं लिहिते, तास आहे आता.

उद्यमनगरी_स्पॅनर

मॅडमनी पैज लावलीया ती जिंकणार. अर्थ बघताना येक करा, सीटच्या बोल्टाला जोडला आसंल तर काढा. तो बोल्ट सीटसाठी हाय, त्याच्याखाली रंग, सीलंट, गंज, सगळं आसतंय. चॅसीला न्हायतर बॉडीच्या जाड पत्र्याला पॉलिश पेपरनं घासून पांढरा पत्रा काढा, दातऱ्या वायसर टाका, थिंबल घट्ट आवळा, वरनं व्हॅसलिन फासा म्हंजे पावसाळ्यात गंजणार न्हाई. थिंबल पक्कडनं दाबून बसवू नका, हायड्रोलिक क्रिम्पिंग करून घ्या, उद्यमनगरात करून देत्यात.

आणि फ्यूज कुठं कुठं हाय ते सांगा.

गोठ्यावरचा_डॉक्टर

मॅडम पैज जिंकलात. सीटच्या बोल्टालाच होता, खाली पिवळा प्रायमर जसाच्या तसा, आणि थिंबलच्या खाली हिरवट बुरशी धरलेली. स्पॅनर अण्णांनी सांगितलं तसं घासून चॅसीच्या बोल्टावर घेतला. आता दोन्ही मायनसमधे ०.०५ दाखवतंय. मागच्या बॅटरीला १३.८ मिळतायत.

फ्यूज मागच्या बॅटरीपाशी एक आहे, ४० चा. पुढं नाही.

उद्यमनगरी_स्पॅनर

पुढं फ्यूज न्हाई म्हंजे ती ५ मीटर वायर आज नुस्ती देवाच्या भरवशावर पळतीया. दोन्ही टोकाला बॅटरी हाय, दोन्हीकडनं करंट येतोय. वायर मधी कुठं तरी कार्पेटखाली घासून पत्र्याला लागली तर मागचा फ्यूज उडंल पण पुढची बॅटरी शेकड्यानं अँपिअर ओततच ऱ्हाईल आणि वायर लाल होईल. डिझेल गाडी हाय, आत लसी हायत, तुमी हाय. उद्याच्या उद्या पुढच्या बॅटरीपासनं येका इतीच्या आत दुसरा ४० चा फ्यूज टाका. रिलेच्या आधी, नंतर न्हाई. आणि वायर जिथं जिथं पत्र्यातनं जाती तिथं रबरी ग्रोमेट हाय का बघा. गॅरेजवाल्यानं नुस्तं भोक पाडून घुसवली आसंल तर ते पहिलं.

आयटीआय_वाल्या_मॅडम

फ्यूजचं अगदी बरोबर, माझ्या आधी तुम्ही लिहिलंत.

आता तिसरी गोष्ट. डॉक्टर, तुमच्या फ्रिजला किती लागतं ते मोजू. असा छोटा कॉम्प्रेसर चालू असताना ४५ वॅटच्या आसपास खातो, म्हणजे पावणेचार अँपिअर. पण तो सतत चालत नाही, गार झाला की थांबतो. एप्रिलच्या उन्हात बंद गाडीत, वरचेवर झाकण उघडून, निम्मा वेळ चालतो असं धरू. तासाला सरासरी दोनच्या आत. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, १९-२० अँपिअर-अवर झाले.

बॅटरी ७५ ची आहे. निम्मीच वापरायची म्हटलं तरी ३७ मिळतात. म्हणजे बॅटरी सकाळी खरोखर पूर्ण भरलेली असेल तर दिवसभर इंजिननं एक अँपिअर दिला नाही तरी तुमचा फ्रिज चालायला पाहिजे. तरी दुपारी बंद पडतो. का? कारण तुमची सकाळ १२.१ वर सुरू होते. लेड बॅटरी शांत असताना १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.१-१२.२ म्हणजे निम्मी. तुम्ही रोज निम्म्यावरनं सुरुवात करताय.

आणि गाडीच्या छोट्या फेऱ्यांत ती कधी भरणारच नाही, अर्थ सुधारलात तरी. लेड बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत पटापट भरते, पुढचे २० टक्के काही केल्या चार-पाच तास घेते. केएमटीच्या बसमध्ये पहिली माणसं भराभर चढतात, शेवटच्या चौघांसाठी कंडक्टरला 'पुढं सरका, पुढं सरका' करत बसावं लागतं, तसं. तिथं करंट वाढवून उपयोग नसतो, वेळच द्यावा लागतो. तुमच्याकडे दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्या.

तेव्हा माझं मत असं की सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे रात्री घरी २३० व्होल्टवरचा चांगला ऑटोमॅटिक चार्जर, १० अँपिअरचा, एजीएम सेटिंग असलेला. गाडी लावली की प्लग लावायचा, सकाळी काढायचा. गाडीतलं चार्जिंग हे वरकड समजायचं.

रंकाळा_ते_दाजीपूर

मॅडम सॉरी पण हे पटलं नाही. रोज रात्री गाडीला प्लग लावायचा, लाइट गेली तर काय, गाडी लांब पार्क केली तर काय. २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर टाकला की विषय संपला. स्मार्ट अल्टरनेटरनं १२.५ दिले तरी तो आतमध्ये वाढवून बॅटरीला बरोबर १४.४ देतो. दिवसात दोन तास जरी गाडी चालली तरी ४० अँपिअर-अवर होतात, तुमच्याच हिशोबानं फ्रिजच्या दुप्पट.

आयटीआय_वाल्या_मॅडम

दोन तास पूर्ण २० मिळत नाहीत, बॅटरी भरत आली की करंट आपोआप उतरतो. पण २० अँपिअर-अवरची रोजची भरपाई होईल हे मान्य आहे. डीसी-डीसी वाईट अजिबात नाही, बीएस६ गाडीत तोच खरा मार्ग. फक्त तो घालायचा तर खर्च त्या डब्याचा एकट्याचा नाही. २० अँपिअर बाहेर द्यायला तो १२.५ वर आत पंचविसेक अँपिअर खेचतो, मग ती ६ स्क्वेअरची वायर काढून १६ ची टाका, इग्निशनची वेगळी वायर ओढा नाहीतर तो गाडी बंद असतानाही पुढची बॅटरी उपसत बसेल. डॉक्टरांची गाडी रोज रात्री दारात असते का हा प्रश्न आहे.

गोठ्यावरचा_डॉक्टर

दारातच असते, पडवीत प्लग आहे. लसी पण रात्री घरातल्या फ्रिजमधेच असतात, गाडीतला रात्री बंद असतो.

मॅडम, बॅटरी मुळात जिवंत आहे का हे कसं ओळखायचं? इतके महिने निम्मीवर राहिली असेल तर.

आयटीआय_वाल्या_मॅडम

सल्फेट, म्हणजे कमी चार्जवर राहून आतल्या प्लेटांवर बसणारा थर, धरलेला असणार थोडाफार. पूर्ण चार्ज करा, चार्जर काढून तीन-चार तास शांत ठेवा, १२.७ च्या आसपास राहिली पाहिजे. मग फ्रिजची वायर काढून एक ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब लावा, तो साडेचार अँपिअर खातो. दर तासाला व्होल्टेज लिहा. बॅटरी चांगली असेल तर बल्ब चालू असतानाच १२.० वर यायला आठेक तास घेईल. तीन तासांत आली तर बॅटरीवाला खरं बोलला.

उद्यमनगरी_स्पॅनर

बल्ब हातात धरू नका, तापतोय लई. काच बी बोटानं धरू नका.

आजून येक, फ्रिज सिगारेट लायटरच्या सॉकेटमधनं लावलाय का? ती बारीक वायर आणि ढिली पिन मिळून अर्धा व्होल्ट खाती. बॅटरीत ११.९ आसतात, फ्रिजला ११.४ दिसतात, तो बिचारा कटऑफ मारतोय. थेट बॅटरीवरनं ४ स्क्वेअरची वायर, १५ चा फ्यूज आणि ॲंडरसन प्लग (जादा करंटचा, घट्ट बसणारा) लावा.

गोठ्यावरचा_डॉक्टर

सॉकेटमधनंच आहे! पिन हाताला गरम लागते हे आधी पण जाणवलेलं, मला वाटलं उन्हानं.

बल्बची टेस्ट रविवारी केली. १२.० वर यायला पाच तास लागले. म्हणजे पूर्ण गेली नाही, पूर्ण राहिली पण नाही. एवढ्यात नवीन घेत नाही मग. पुढचा फ्यूज बसवला, प्लग बदलून घेतला, दहा अँपिअरचा चार्जर मागवलाय. डीसी-डीसीचं पावसाळ्यानंतर बघू.

हातकणंगले_शिफ्ट

मधेच विचारतो, माझ्या मारुती स्मार्ट हायब्रिडमध्ये पण दोन बॅटऱ्या आहेत म्हणतात, डावीकडच्या सीटखाली एक लिथियम आहे, तिच्यावरनं फ्रिज चालवता येईल का

उद्यमनगरी_स्पॅनर

न्हाई. ती सिग्नलला बंद झालेलं इंजिन चालू करायला आणि ब्रेकची ताकद साठवायला हाय, लई बारकी हाय, आणि गाडीचा कॉम्प्युटर तिच्यावर लक्ष ठेवून आसतोय. तिला हात लावू नका. बॉनेटखालच्या बॅटरीवरनं घेताना बी मायनस थेट खांबावरनं घेऊ नका, तिथं बारका सेन्सर डबा आसतोय, त्याला वळसा घातला की ईसीयूचा हिशोब चुकतोय. मायनस चॅसीवरनं घ्या. डॉक्टर तुमी बी बघा आपल्या गाडीत.

गोठ्यावरचा_डॉक्टर

आहे डबा, पण रिलेचा मायनस पण चॅसीवरच दिसतोय, ते एक नीट केलंय त्यानं.

चार्जर आला. त्यावर नॉर्मल, एजीएम आणि रिपेअर असे तीन मोड आहेत. बॅटरीत सल्फेट आहे म्हणताय तर रिपेअरवर लावू का?

आयटीआय_वाल्या_मॅडम

नको. रिपेअर मोड व्होल्टेज साडेपंधराच्या पुढे नेतो. पाण्याच्या बॅटरीत ते चालतं, कमी झालेलं पाणी वरनं घालता येतं. तुमची सीलबंद आहे, आतलं पाणी गॅस होऊन गेलं की गेलं. एजीएमवर लावा आणि पहिल्या काही रात्री पूर्ण आठ तास मिळू देत, फ्लोटला (भरल्यावर नुसतं राखणाऱ्या चार्जिंगला) गेल्याची लाइट आली तरी लगेच काढू नका. पडवीत आहे म्हणजे हवा खेळती आहे, तरी गाडीची मागची काच थोडी खाली ठेवा. आणि चार्जर चालू असताना रिलेची लाइट लागते का ते बघून सांगा, लागली तर तो दोन्ही बाजूंनी बघणारा रिले आहे, मग पुढची बॅटरी पण त्याच प्लगवर भरेल.

गोठ्यावरचा_डॉक्टर

लागली लाइट.